कोर्ट कोणी सारवायचं

आपला देश हरावा असं मला एकदा वाटलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडची गोष्ट. देशोदेशींच्या पुरुष संघांमध्ये टेनिसचा जो मोठा चषक खेळतात, त्याच्या पात्रता फेरीत आपली गाठ पूर्वेकडच्या एका देशाशी पडली होती. तीन दिवस, पाच सामने, ज्याचे तीन तो पुढे. आमची सारी वस्ती स्टेशनाजवळच्या हॉटेलासमोर रेडिओ ऐकत उभी होती, आणि मी त्यांच्यातच उभा राहून मनातल्या मनात समोरच्यांना जोर देत होतो. त्यांच्या एकाही खेळाडूचं नाव मला धड घेता येत नव्हतं. देशाशी माझं वैर नाही. माझं वैर एका माणसाशी होतं, आणि तो माझ्याच घरी जेवत होता.

मी पत्रकं लिहितो. वर्ध्याच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासतो आणि वस्तीच्या मंडळाची पत्रकं तिथंच छापून घेतो. शाळेनं मला अक्षरं दिली, वाक्यं पत्रकांनी दिली. त्यामुळे मला आडून बोलता येत नाही. पत्रकाला एकच पान असतं. त्यात मागणी आली पाहिजे, कारण आलं पाहिजे आणि वाचणाऱ्याला राग आला पाहिजे. इथं पानं जास्त मिळाली आहेत, पण हात तोच आहे.

तो माझ्याहून थोडा मोठा. हैज्याच्या साथीत त्याचे मायबाप गेले तेव्हा आंजी गावाहून कोणीतरी त्याला आमच्या दारात आणून सोडलं, माझ्या मायच्या लांबच्या बहिणीचा मुलगा म्हणून. माय म्हणाली राहू दे, आणि तो राहिला. पुढं सिव्हिल लाइन्समधल्या क्लबात टेनिस कोर्टावरचा रूळ ओढायला लागला. एका संध्याकाळी खेळाला चौथा गडी आला नाही, म्हणून एका साहेबानं त्याच्या हातात रॅकेट दिली. त्या दिवसापासून तो क्लबाचा मार्कर झाला. साहेबांशी खेळायला, त्यांचा हात बसवायला आणि कोर्टावर चुन्याच्या रेघा ओढायला जो पगारी माणूस ठेवतात, त्याला मार्कर म्हणतात.

वस्तीला त्याचं केवढं कौतुक. कलेक्टरसाहेबांना पळवून पळवून दमवतो म्हणे. मी सभेत बोलायला उभा राहिलो की बाया लेकरांना घेऊन मागं मागं बसतात. तो नुसता पांढऱ्या कपड्यांत गल्लीतून चालला की म्हातारे बाजेवरून उठून बघतात. त्याची पांढरी हाफपँट माय धुते, नीळ घालून, आणि वाळत टाकताना दोन्ही हातांनी ताणते, सुरकुती राहू नये म्हणून. माझ्या सदऱ्यावर छापखान्याची शाई असते. ती निघत नाही, असं तिनं एकदाच ठरवून टाकलं आहे. सकाळी तो लवकर निघतो म्हणून तव्यावरची पहिली भाकर त्याची. मी हे लहानपणापासून बघत आलो आहे. मला कोणी विचारलं की तुला त्याचा मत्सर वाटतो का, तर मी हो म्हणतो. पण मत्सरानं मागणी खोटी होत नाही, आणि आमची मागणी खरी होती.

मागणी नळाची होती. क्लबाचं कोर्ट मुरमाचं, आणि त्यावर शेणमातीचं सारवण. दर आठवड्याला आमच्या वस्तीतल्या बाया ते सारवत, आणि त्यांत पुढारी माझी माय. पवनारची पांढरी माती भिजत घालायची, चाळून खडा काढायचा, शेणात कालवायची, आणि जाळीपासून मागं मागं सरकत सरळ पट्ट्यांनी हात फिरवत बाहेर यायचं. अंगणात फिरवतो तसा गोल हात चालत नाही, चेंडू उसळतो. एवढ्या उन्हात एवढं काम करून पाणी प्यायचं झालं, तर व्हरांड्याजवळच्या नळाला त्यांनी हात लावायचा नाही. माळ्यानं वरून ओतायचं आणि त्यांनी ओंजळीनं प्यायचं. शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला, आम्ही दीक्षा घेतली, घरातल्या जुन्या मूर्ती धाम नदीत सोडून आलो, पण क्लबाचा नळ होता तिथंच राहिला. क्लबाचे सेक्रेटरी स्वतः वकील होते. कायदा आपल्याला माहीत आहे, पण खेळाच्या जागी राजकारण आणू नये, असं त्यांनी मला व्हरांड्याच्या पायरीवरूनच सांगितलं. पायरीच्या वर मला बोलावलं नाही. मार्करसुद्धा ओंजळीनंच प्यायचा. कलेक्टरसाहेबांना दमवणारा माणूस! मी त्याला कितीदा म्हटलं की तू एकदा नळ सोड, बाकी मी बघतो. तो म्हणायचा, नोकरी जाईल. एकदा म्हणाला, खेळ जाईल. नोकरी आणि खेळ या दोन गोष्टी त्याच्या मनात वेगळ्या होत्या, हे मला तेव्हा दिसलं आणि आणखी राग आला. माझ्याजवळ नोकरी होती, दुसरं तसलं काही नव्हतं.

अशात बातमी आली की देशाच्या संघातला एक खेळाडू वर्ध्याला उतरणार आहे. संघातला शेवटचा, राखीव, पण संघातला. मुंबईहून तो सामन्यांच्या गावी निघाला होता, आणि आमचे प्रांतसाहेब त्याचे कॉलेजातले मित्र. वाटेत एक दिवस मुक्काम करून, हात मोकळा राहावा म्हणून तो क्लबात खेळणार होता. त्याला चेंडू परतवणारं वर्ध्यात एकच माणूस होतं. प्रांतसाहेबांनी मार्करला तसं सांगितलं, आणि त्या संध्याकाळी तो घरी आला तो जेवलाच नाही. चुलीपुढं बसून मायला त्या खेळाडूबद्दल सांगत राहिला. सर्व्हिस कशी टाकतो, डावा खांदा आधी कसा वळवतो. वर्तमानपत्रातल्या फोटोवरून त्यानं हे सगळं पाठ केलं होतं. माय तव्यावर भाकर तशीच ठेवून ऐकत होती. भाकर करपली. माझी होती.

दुसऱ्या दिवशी मी सभा लावली. विहारापुढच्या मोकळ्या जागेत, पंचशील म्हणून झाल्यावर, मी पत्रक वाचून दाखवलं. नळ उघडा होईपर्यंत आमच्या बाया क्लबाच्या शेणात हात घालणार नाहीत. पाहुणा येण्याच्या बरोबर आधीच काऊन, असं एका म्हाताऱ्यानं विचारलं. मी म्हणालो, ज्या दिवशी त्यांना आपली गरज आहे त्याच दिवशी नाही म्हणायचं असतं, एरवी नाही म्हणून कोण ऐकतं. हे मी आजही म्हणतो. हात वर करा म्हटल्यावर बायांनी मायकडे पाहिलं. मायनं मागच्या बाजूला, जिथं तो भिंतीला टेकून उभा होता, तिथं पाहिलं. मग हात वर केला. सगळ्यांचे हात वर गेले. माझा ठराव झाला होता, पण तिनं आधी कुठं पाहिलं, तेच मी घरी घेऊन गेलो.

तो माझ्याशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. दोन दिवस तो नेहमीसारखा क्लबात जात-येत राहिला. कोर्ट वाळून पापुद्रे सुटायला लागले होते. सेक्रेटरींनी आंजीकडून दुसऱ्या बाया आणायला गाडी पाठवली. पत्रक तिथं आधीच पोचलं होतं, गाडी रिकामी परत आली. त्या पत्रकाचा मला आजही अभिमान आहे.

पाहुणा येणार त्याच्या आदल्या सकाळी क्लबाचा माळी वस्तीत आला. हसू दाबत त्यानं सांगितलं की मार्कर स्वतःच कोर्ट सारवायला बसला आहे. आमच्यात पुरुष माणूस सारवायला बसत नाही. घर पडलं तर बांधेल, पण सारवणार नाही. गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. माय हसली नाही. पदर खोचला आणि निघाली. ती माझा ठराव मोडायला निघाली आहे हे मला कळलं, आणि मी तिच्या मागं गेलो. बाकीच्या बाया आमच्या मागं.

कोर्टावर जे दिसलं ते मी विसरणार नाही. अर्धं कोर्ट सारवून झालं होतं, ओलं, चकाकत होतं, आणि त्याच्या बरोबर मधोमध हातभर कोरड्या जागेवर तो बादली घेऊन उकिडवा बसला होता. त्यानं आयुष्यात कोर्टावर फक्त रेघा ओढल्या होत्या, आणि रेघा बाहेरून सुरू करतात. सारवणही त्यानं बाहेरून सुरू केलं होतं. चारी बाजूंनी आत आत येत गेला आणि अडकला. पाय टाकला तर सगळं काम वाया. कोपरापर्यंत शेण, कपाळावर शेण. कोर्टाभोवतीच्या तारेबाहेर बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. तोही हसला थोडा. मी हसलो नाही.

मी कडेला उभा राहून त्याला म्हणालो, “सभेत तूई होता. मंग हे काय लावलं?”

“मी हात वर नोता केला.”

“म्हणजे तू त्याईचा.”

“मी कोणाचा नाई, गड्या. एक दिवस मले त्याच्यासमोर उभा राहू दे. हा दिवस मले पुन्हा नाई भेटत. मंग तू सांगशीन त्या भिंतीवर तुही पत्रकं चिटकवतो मी.”

“अन् पानी? उद्या त्याच्यासमोर बी ओंजळीनंच पेशीन?”

तो बादलीत हात घालून उगाच ढवळत राहिला. एवढ्यात माय कोर्टाच्या कडेला येऊन बसली. सवयीनं तिचा हात शेणमातीच्या ढिगाकडे गेला, आणि तिथंच थांबला. ती माझ्याकडे वळली.

“बायाईनं हात लावाचा नाई, असंच लिवलं ना तू?”

मी हो म्हणालो.

“माणसाईचं काई नाई लिवलं.”

“नाई.”

“मंग उतर खाली.”

मला वाटलं ती चेष्टा करते आहे. ती चेष्टा करत नव्हती. मी हात वर केला आहे, माझा शब्द मी पाळीन, पण पोराचा दिवस जाऊ देणार नाही, असं तिनं सगळ्यांच्या समोर सांगितलं. तुम्ही दोघं माझेच, तर दोघं मिळून करा. मला नाही म्हणता आलं असतं. पण मग ती उठून स्वतः बसली असती, आणि ठराव माझ्याच घरातून मोडला असता. मी सदरा काढला, बाह्या नव्हत्याच मग वर करायला, आणि राहिलेल्या अर्ध्यात जाळीपाशी उकिडवा बसलो. माळ्यानं एक फळी टाकून त्याला बेटावरून सोडवलं आणि तो माझ्या शेजारी येऊन बसला.

माय बाहेरून हुकूम देत होती. हात सरळ ओढा. पाणी कमी. मागं सरका. माझा हात सारखा गोल फिरत होता, कारण मी अंगणंच पाहिली होती. तारेबाहेरून एक काकू म्हणाली, “सारवन हाय बाप्पा ते, भाषन नोहे. हात लंबा कर.” सगळ्या हसल्या. माझ्या भाषणाला त्या कधी एवढ्या मोकळ्या हसल्या नव्हत्या, रडल्याही नव्हत्या. आम्ही दोघं शेजारी शेजारी मागं सरकत राहिलो. एकदा तो हळूच म्हणाला की तुला वाटतं मी तुझी माय घेतली. मी म्हणालो, भाकर घेतली ती दिसते. तो म्हणाला, मग उद्यापासून पहिली तू घे. मी म्हणालो, ते तुझ्या हातात नाही. मग दोघंही आपापली पट्टी ओढत मागं सरकलो. दुपारपर्यंत कोर्ट वाळलं. त्यानं चुन्याच्या रेघा ओढल्या. त्या मात्र सरळ होत्या.

दुसऱ्या दिवशी पाहुणा आला. उंच, किडकिडीत, आमच्यापेक्षा फार मोठा नसावा. वस्ती तारेबाहेर उभी होती. आधी तो प्रांतसाहेबांशी खेळला, मैत्रीचं खेळणं ते. मग त्यानं मार्करला बोलावलं. मी खेळातलं कळणारा नाही, म्हणून दिसलं तेवढंच सांगतो. आमचा माणूस हरत होता, पण पाहुण्याला हसून खेळता येत नव्हतं. सदरा त्याच्या पाठीला चिकटला. मार्कर सगळीकडे पोचत होता. नीळ घातलेली ती हाफपँट उन्हात डोळ्यांवर येत होती. माझ्या शेजारी मायचे ओठ हलत होते, आणि मी मनात म्हणत होतो, चूक रे, एकदा तरी चूक.

मग एक चेंडू पाहुण्याच्या बाजूला, मी सारवलेल्या कोपऱ्यात पडला. तिथं माझा गोल हात फिरला होता आणि माती चढून राहिली होती. चेंडू उसळला तो पाहुण्याच्या कानावरून निघून गेला. गुण मार्करला. तारेबाहेर बाया एकदम हसल्या, कारण तो कोपरा कोणाचा हे त्यांना पाठ होतं. त्याला मिळालेल्या थोड्या गुणांत एक माझ्या हातचा होता. माझ्या मनात तर तो हरावा असंच होतं.

खेळ संपला. क्लबाच्या नोकरानं पाहुण्यासाठी तबकात सरबत आणलं. मार्कर नेहमीसारखा नळाकडे गेला, माळ्याकडे पाहून ओंजळ धरली. माळी बादलीत तांब्या बुडवत होता. पाहुण्यानं ते पाहिलं. त्याला काय कळलं आणि काय नाही, मला ठाऊक नाही. तहान लागलेल्या माणसाला सरबत पुरत नाही, एवढंच कदाचित. तो तबक सोडून नळावर आला, स्वतः नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं, प्यायला, आणि मार्करला जागा देऊन बाजूला झाला. नळ वाहत होता. मार्करनं तारेकडे पाहिलं. मायकडे. माझ्याकडे नाही. मग वाकला आणि नळाखाली ओंजळ धरून प्यायला, पोटभर. सेक्रेटरी व्हरांड्यात उभे होते. त्यांचं तोंड उघडलं, पाहुण्याकडे पाहिलं, आणि मिटलं. मार्करनं नळ बंद केला नाही. माय लहान फाटकातून आत गेली. तिच्या मागं एकेक बाई.

मी तार धरून उभा राहिलो. त्या नळावर माझी पत्रकं निघाली होती, ठराव झाला होता, आंजीहून गाडी रिकामी परत आली होती. आणि वस्तीला आठवतो तो त्याचा एक घोट. मला तहान लागली होती, तरी मी आत गेलो नाही.

पाहुणा रात्रीच्या गाडीनं गेला आणि सकाळी सेक्रेटरींनी नळाला कुलूप घातलं. हे लोक विसरतात म्हणून लिहितो. एका घोटानं काहीही मिटलं नव्हतं. मिटवलं ते पुढच्या दिवसांनी, जेव्हा बाया गेल्या नाहीत आणि मार्करही गेला नाही. चुन्याचा डबा त्यानं घरी आणून माझ्या कागदांशेजारी ठेवला. नोकरी जाईल, खेळ जाईल, दोन्ही त्याला माहीत होतं. रात्री पत्रकं चिकटवायची खळ घेऊन माझ्याबरोबर भिंती फिरला. उन्हानं कोर्टाचे पापुद्रे उडाले, साहेब लोक रॅकेट काखेत घेऊन परत जायला लागले, आणि कुलूप निघालं. नळ आता सगळ्यांना आहे. मार्कर पुन्हा मार्कर आहे.

म्हणून सामन्यांच्या त्या तीन दिवसांत वस्ती रेडिओपाशी उभी होती. इंग्रजी कोणाला कळत नव्हतं. मला कळत होतं ते मी सांगत होतो. सगळे एकाच नावाची वाट बघत होते, आपल्या पाहुण्याच्या. देश जिंकला. मार्करचा पाहुणा हरावा, हे माझ्या मनातलं काही झालं नाही. पण पाहुण्याला एकाही सामन्यात उतरवलं नाही. शेवटच्या सामन्याला, जिंकून झाल्यावर, राखीव माणसाला संधी देतात म्हणे. तिथंही दुसराच खेळला. हे सांगायचं काम माझ्यावर आलं. मी मार्करकडे पाहून सांगितलं, आणि मला बरं वाटेल असं वाटलं होतं.

तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. म्हणाला, “त्याले बी बाहेरच बसवलं,” आणि उठला.

घरी माय तवा टाकून बसली होती. त्यानं तिला सांगितलं. तिनं भाकर उलटली, शेकली, आणि त्याच्या ताटात टाकली. पहिली. मी दुसरीची वाट बघत बसलो.